टेम्परेचरचा काटा का हलत नाही?

जुन्या जीपला दुसरं इंजिन टाकणं ही आपल्या मराठवाड्यात काही नवी गोष्ट नाही. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली तेव्हा त्यांची इंजिनं पेट्रोलची होती. पुढे प्यूजोच्या लायसन्सवर बनलेली डिझेल इंजिनं आली आणि पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं. पाचोडला माझ्या मामाच्या जीपचंही तेच झालं. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं, पण टेम्परेचर मीटरचा काटा जागचा हलेना. मेकॅनिक म्हणाला, "गाडी पळतीय ना, मग काट्याचं काय घेऊन बसलात!"

पण मे महिन्यात मोसंबी भरून निघालेल्या गाडीचं पाणी कधी संपलं हे सांगणारा तो एकच काटा असतो. तो गप्प राहिला तर हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं, कधी इंजिनच सीज होतं.

याचं सर्किट अगदी सोपं आहे. किल्ली फिरवली की करंट फ्यूजमधून मीटरला येतो, तिथून एका वायरने इंजिनवरच्या सेन्सरपर्यंत जातो आणि सेन्सरच्या आट्यांमधून इंजिनच्या बॉडीला अर्थ होतो. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तो थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. रेझिस्टन्स उतरला की काटा चढतो.

म्हणून पहिली टेस्ट अशी : किल्ली ऑन करा, सेन्सरची वायर काढा आणि तिचं टोक दोन-तीन सेकंद इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा. जास्त वेळ धरू नका, मीटर जळेल. काटा वर सरकू लागला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरकडे. नाही सरकला तर तीच वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा. आता सरकला तर इंजिनची अर्थिंग पट्टी जोडायची राहिली आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे ही पट्टी लागतेच. तरीही हलला नाही तर फ्यूज, सप्लाय, वायर आणि शेवटी मीटर तपासा.

मामाच्या जीपमध्ये काटा लगेच सरकला. नव्या इंजिनवर होता तो सेन्सर नव्हताच, वॉर्निंग लाइटचा स्विच होता! दिसायला दोघे सारखेच, पण स्विच इंजिन फार तापल्यावरच जोडला जातो. मग दुकानातून एक सेन्सर आणून बसवला. काटा हलला, सगळे खूश.

खरा धोका इथेच होता. प्रत्येक मीटर ठराविक रेझिस्टन्सच्या सेन्सरसाठी बनवलेलं असतं. सेन्सरचा रेझिस्टन्स त्याहून जास्त असेल तर इंजिन उकळत असतानाही काटा 'सर्व ठीक' दाखवतो. बंद मीटरपेक्षा असं खोटं बोलणारं मीटर वाईट, कारण त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो.

तपासायला पातेलंभर पाणी पुरतं (मेसचं नको!). सेन्सरचं टोक पाण्यात बुडवा, टर्मिनल कोरडं ठेवा, सेन्सरच्या बॉडीपासून एक वायर अर्थला द्या आणि मीटरची वायर जोडा. शेजारी थर्मामीटर धरा. आपल्या भागात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. तेव्हा काटा 'एच'च्या जवळ हवा. दुकानातल्या सेन्सरवर तो पावभागावरच थांबला! जुन्या इंजिनचा सेन्सर मात्र बरोबर चालला. त्याचे आटे नव्या हेडला बसेनात, म्हणून लेथवर पितळी बुश करून घेतला. टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नका, अर्थ तुटू शकतो.

आणखी दोन गोष्टी. सेन्सर थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे इंजिनच्या बाजूला हवा. आणि रेडिएटर भरताना हवा पूर्ण काढा. पाणी कमी होऊन सेन्सर कोरडा पडला तर काटा उलट खाली येतो. चढावर काटा अचानक उतरला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

शेवटी, मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलाचं आर.टी.ओ.चं काम असतं. तेही वेळेवर उरकून घ्या.