चेहरा नर्तकांचा

२०१३ साली लंडनच्या एका नव्या बँडचं ‘प्लटून’ हे गाणं आलं. त्याच्या व्हिडिओत बँड कुठेच नव्हता. होती ती सहा वर्षांची ब्रेकडान्सर, बी-गर्ल टेरा. गाणारे कोण, तर ‘जे’ आणि ‘टी’. एवढीच त्यांची ओळख.

ही दोन अक्षरं म्हणजे जॉश लॉइड-वॉटसन आणि टॉम मॅकफार्लंड, पश्चिम लंडनच्या शेफर्ड्स बुशमधले बालमित्र. बँडचं नाव ‘जंगल’. संगीताचा पिंड सत्तरच्या दशकातल्या सोल आणि फंकचा. उंच पट्टीतल्या आवाजांचे थर ते असे एकावर एक चढवतात, की नेमकं कोण गातंय ते सांगता येऊ नये. आवाजालाच चेहरा नाही म्हटल्यावर पडदा नर्तकांसाठी मोकळाच होता. पार्श्वगायन अंगवळणी पडलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण पाश्चात्त्य पॉपचा सगळा बाजार गायकाच्या चेहऱ्यावर चालतो; तिथे हे धाडसच होतं.

त्याला पूर्वपीठिका मात्र होती. १९७० साली शिकागोत डॉन कॉर्नेलियस यांनी ‘सोल ट्रेन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेतल्या इतर शहरांतही दिसू लागला. दोन रांगांमधल्या वाटेवरून नाचत येणारी तरुण मुलं हे त्याचं गायकांइतकंच मोठं आकर्षण होतं. १९८१मध्ये एमटीव्ही आला आणि पुढे झटपट कटांच्या संकलनाची चटक लागली. पाऊल पडायच्या आत दृश्य बदलायचं. नाच तुकड्यातुकड्यांनी दिसायचा.

‘जंगल’ने उलटी वाट धरली. ‘द हीट’मध्ये रोलर स्केटवरची जोडी आहे, २०१४च्या ‘बिझी अर्निन’मध्ये नर्तकांचा अख्खा ताफा. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या अल्बमला मर्क्युरी पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे स्वतःच्या कायोला रेकॉर्ड्समधून ‘लव्हिंग इन स्टिरिओ’ (२०२१) आणि ‘व्होल्केनो’ (२०२३) आले. दोन्हींत गाणी चौदा आणि प्रत्येक गाण्याला नृत्याचा व्हिडिओ.

‘व्होल्केनो’तलं ‘बॅक ऑन ७४’ जगभर गाजलं. दिग्दर्शन लॉइड-वॉटसन आणि चार्ली दी प्लासिदो यांचं, नृत्यरचना डच नृत्यदिग्दर्शक शे लातुकोलान यांची. कॅमेरा नर्तकांसोबत चालत राहतो. सगळं एका दमात चित्रित झाल्यासारखं वाटतं. उड्या-कोलांट्या जवळपास नाहीतच. खांदा किंचित पडतो, गुडघा लवतो, पाऊल ठेक्याच्या जरासं मागे रेंगाळतं. बघताना वाटतं, हे आपल्यालाही जमेल. टिकटॉकवर हजारोंनी करून पाहिलं, तेव्हा त्या सहजतेमागची तालीम कळली.

२०२४मध्ये ‘जंगल’ला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश समूहाचा ब्रिट पुरस्कार मिळाला. तोवर गायिका लिडिया किटो बँडची तिसरी सदस्य झाली होती. या यशात नृत्याचा वाटा उघड आहे, हिशेब मात्र तसा नाही. गाणं वाजेल तेव्हा गीतकार-संगीतकाराला रॉयल्टी मिळते. नर्तकाला सहसा चित्रीकरणाचा मोबदला एकदाच. ब्रिटनच्या १९८८च्या कॉपीराइट कायद्याने नृत्यरचनेला नाट्यकृतीचा दर्जा दिला आहे. पण ते संरक्षण रचनाकाराचं. ती अंगातून जिवंत करणाऱ्या नर्तकाला त्यात मालकी नाही. बँडने आपली ओळख नर्तकांच्या हवाली केली, हे मोठेपणाचं. पण जो चेहरा गाणं खपवतो, त्याला त्या खपात वाटा मिळेल तेव्हाच ती बरोबरी पुरी होईल.