एक राउटर, दोन सर्व्हर, दार एकच

जालन्यात घरातल्या एकाच राउटरमागे दोन सर्व्हर ठेवून दोन वेबसाइट चालवता येतात का? येतात. घोळ फक्त दाराचा आहे.

बाहेरच्या जगाला आपल्या घराचा एकच आयपी पत्ता दिसतो. वेबसाइटची ये-जा ८० आणि ४४३ या पोर्टांवरून होते आणि राउटर एक पोर्ट एकाच मशीनकडे वळवतो. मग दुसऱ्याचं काय?

जालन्याच्या कादराबादेतला जुना वाडा आठवा. दरवाजा एक, आत बिऱ्हाडं चार. देवडीवरचा माणूस विचारतो, "कोणाकडे?" आणि पाहुण्याला तिकडे धाडतो. रिव्हर्स प्रॉक्सी हेच करते. दोन्ही पोर्ट एनजिनएक्स किंवा कॅडी अशी प्रॉक्सी बसवलेल्या मशीनकडे द्यायचे. ब्राउझर प्रत्येक विनंतीत साइटचं नाव पाठवतोच (१९९७च्या एचटीटीपी १.१ने ते सक्तीचं केलं). ते वाचून प्रॉक्सी विनंती १९२.१६८.१.११ या सर्व्हरकडे धाडते किंवा १९२.१६८.१.१२कडे. कॅडी तर एसएसएल प्रमाणपत्रंही आपणहून आणते. जुना डेस्कटॉप पुरतो.

पण आधी राउटरमधला वॅन (म्हणजे बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलाय. पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी पोचणार नाही. माझे दोन रविवार यातच गेले! मग स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल.

आणि सर्व्हरचे आतले पत्ते राउटरमध्ये पक्के करा. नाहीतर लाइट जाऊन आली की बिऱ्हाडं खोल्या बदलतात आणि देवडीवाल्याला पत्ताच नसतो.