आधी कारखाना, मग विचारणा
लेखमाला : विकास कोणाच्या अंगणात? (लेखांक 4)

मागच्या लेखांकात 1996चा पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि 2006चा वनहक्क कायदा पाहिला. हे कायदे प्रत्यक्षात कसे चालतात ते कळायला ओडिशातल्या नियमगिरीसारखं दुसरं उदाहरण नाही.

रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींचा. त्यांचा देव नियमराजा. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट. वेदांत समूहाने पायथ्याशी लांजीगडला अ‍ॅल्युमिनाचा कारखाना उभा केला, तेव्हा खाणीची अंतिम परवानगी मिळालेलीच नव्हती. मुलीला न विचारता मांडव घालावा, तसा प्रकार. एवढा पैसा ओतल्यावर डोंगरावरच्या माणसांना ‘तुमचं काय म्हणणं?’ म्हणून विचारण्यात काय राम उरतो? मग सुरू होते ती मनधरणी, नाहीतर दटावणी.

2010मध्ये एन. सी. सक्सेना समितीच्या अहवालानंतर केंद्राने खाण नाकारली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 18 एप्रिल 2013च्या निकालाने प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला : जमीन-जंगलावरचे हक्क आणि देवस्थानाचा हक्क, दोन्हींचा विचार त्यांनीच करावा. सभेला जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक हजर असावा.

सभांसाठी राज्य सरकारने 12 गावं निवडली, रायगड्यातली 7 आणि कालाहांडीतली 5. परिसरात शंभरावर वस्त्या असताना बाराच का, अशी हरकत खुद्द केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने घेतली होती आणि ती रास्तच होती. तरीही जुलै-ऑगस्टच्या पावसात वस्त्यांवर सभा झाल्या, लोक आपल्या भाषेत बोलले आणि बाराच्या बारा सभांनी नकार दिला. जानेवारी 2014मध्ये पर्यावरण मंत्रालयाने खाणीची परवानगी नाकारली. लांजीगडचा कारखाना बाहेरून बॉक्साइट आणून आजही चालतो.

मला यात महत्त्वाची वाटते ती सभेची जागा. सरकार आणि न्यायाधीश डोंगर चढून वस्तीवर गेले. पर्यावरणाच्या जनसुनावणीत उलटं घडतं. तिथे मांडव बोलावणाऱ्यांचा, खुर्च्या त्यांच्या, तारीखही त्यांची. हरकती लिहून घेतात, पण त्या मानायचं बंधन कोणावरच नसतं.

आपल्याकडे, महाराष्ट्राच्या 2014च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. तेव्हा धरण असो, रस्ता असो की एखाद्या संस्थेचा भल्या हेतूचा प्रकल्प असो, आराखडा पक्का होण्याआधी पाड्यावर जा. भातलावणीच्या दिवसांत सभा लावू नका. लोकांनी विचार करायला वेळ मागितला तर द्या आणि नकार आला तर तोही इतिवृत्तात जसाच्या तसा लिहा.

पुढच्या आठवड्यात गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. तिथली ग्रामसभा बहुमतावर निर्णय घेत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबते.