दुकान उघडले, पट्टा मात्र घराचा

अमरावतीच्या राजापेठेत घराची पुढची खोली दुकानाला देणे यात काही नवे नाही. भिंत फोडून शटर बसते, मेडिकल नाहीतर मोबाइलचे दुकान लागते, भाडे सुरू होते. जमीन पूर्ण मालकीची असेल तर प्रश्न महापालिकेपुरता राहतो. ती नझूलची, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली असेल, तर पैशांची मागणी दोन दारांतून येऊ शकते. वादाला सुरुवात होते ती ही दोन दारे एकच समजल्यामुळे.

आधी आखीव पत्रिका काढा. भूमी अभिलेख कार्यालयात मौजा, नझूल शीट क्रमांक आणि प्लॉट क्रमांक सांगितला की मिळते. त्यात धारकाचे नाव सगळेच वाचतात. पाहायचे ते सत्ताप्रकार आणि पट्ट्याची मुदत. मग मूळ पट्ट्याची प्रत मिळवा. आजोबांच्या नावाचा तो कागद घरात सहसा सापडत नाही, तरी अर्ज करून नक्कल मागावीच. जमीन कोणत्या प्रयोजनासाठी दिली, भाडे किती, ते कधी वाढवता येईल, वापर बदलायला कोणाची परवानगी लागेल, हे सगळे त्यातच असते. या चार ओळी न वाचता वकिलाकडे गेलात तर तोही पहिल्यांदा त्याच मागेल.

पहिले दार महापालिकेचे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात १९९२ साली सहा-अ हे प्रकरण आले आणि कलम १२४-अ नुसार जमिनीच्या विकासावर किंवा वापर बदलण्यावर विकास शुल्क घेता येऊ लागले. आकारणी रेडी रेकनरच्या दरावर होते. समजा, प्लॉट २०० चौरस मीटरचा आहे आणि दर २०,००० रुपये, तर जमिनीचे मूल्य ४० लाख झाले. निवासी वापराला जमिनीसाठी अर्धा टक्का या मूळ दराने २०,००० रुपये, व्यापारी वापराला त्याच्या दुप्पट. बांधकामाचे शुल्क वेगळे. त्या रस्त्यावर दुकान चालेल की नाही, हे २ डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याची रुंदी वगैरे पाहून ठरते.

दुसरे दार जिल्हाधिकाऱ्यांचे, आणि इथे सरकार जमीनमालक म्हणून उभे असते. पट्टा राहण्यासाठी असताना विनापरवानगी दुकान चालले तर तो शर्तभंग. तो नियमित करण्याची रक्कम, वापरबदलाचे अधिमूल्य, वाढीव भाडे हे सारे महसुली कायदा, शासन निर्णय आणि पट्ट्यातल्या अटींवर उभे असते. महापालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून मालकाची परवानगी मिळाली असे होत नाही. उलटही तेच. नकाशा पास झाला म्हणून निर्धास्त राहिलेली माणसे या गावात कमी नाहीत.

कोर्टात काय टिकते? शुल्काची वसुली कायद्यातल्या स्पष्ट अधिकाराशिवाय करता येत नाही. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने घेतलेले विकास शुल्क सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये याच मुद्द्यावर बेकायदा ठरवले. नियोजनासाठी पैसा लागतो, हे कारण पुरेसे ठरले नाही. भाड्याचा हिशेब वेगळा. वांद्रे रेक्लमेशनच्या सोसायट्यांनी सरकारी जमिनीच्या शेकडो पटींनी वाढलेल्या भाड्याला आव्हान दिले, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडी रेकनरशी जोडलेली वाढ मान्य केली. दर पाच वर्षांनी पुन्हा वाढवण्याची तरतूद मात्र रद्द केली. नूतनीकरणाच्या वेळी ठरलेले भाडे त्या पट्ट्याच्या मुदतीपर्यंत तेच. माझ्या मते पट्टेदाराने यातून एवढे घ्यावे की ‘वाढ फार झाली’ हा युक्तिवाद एकटा फारसा चालत नाही, ‘पट्ट्यात अशी अट नाही’ हा चालतो.

मागणीपत्रात आणखी एक जागा बारकाईने पाहावी: दर कोणत्या तारखेचा लावला आहे. अर्जाचा दिवस, आदेशाचा दिवस की शर्तभंगाचा? फाइल काही वर्षे पडून राहिली आणि दरम्यान रेडी रेकनर वाढले, तर वरच्या उदाहरणातले ४० लाख सहज ५० होतात आणि टक्का तोच राहूनही रक्कम फुगते. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा.

राहते घर असणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे. नागपूर आणि अमरावती विभागातील नझूलसाठी डिसेंबर २०१५ मध्ये स्वतंत्र धोरण आले. पुढे २०२४ मध्ये निवासी प्रयोजनाच्या नझूल जमिनी पूर्ण मालकीच्या करून देण्यासाठी विशेष अभय योजना जाहीर झाली, तीत अधिमूल्य बाजारमूल्याच्या २ टक्के ठेवले. वरच्या प्लॉटला ते ८०,००० रुपये येते. योजनेची मुदत नंतर वाढवली गेली. अर्जाआधी चालू मुदत विचारून घ्या. पट्टा निवासी पण पुढे दुकान, अशी मिश्र स्थिती असेल तर ती लपवू नका. मोका चौकशीत शटर दिसतेच.

मागणी मान्य नसेल तर आधी लेखी विचारा: कोणते कलम, कोणता शासन निर्णय, कोणत्या तारखेचा दर, किती क्षेत्र. महसुली आदेशावर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील होते. आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर ९०, आणि ते अपील अमरावतीतच विभागीय आयुक्तांकडे चालते. त्यानंतर रिट याचिकेसाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. आदेश हातात पडला त्याच दिवशी लिफाफ्यावर तारीख टाकून ठेवा; मुदत मोजताना तिची गरज पडते.