जुनी झेन, लांबचा ट्रॅक आणि ब्रेक ऑइलची बाटली

तुमच्याही दारात असेल एखादी जुनी गाडी. ताडपत्रीखाली उभी, "ह्या वर्षी काढून टाकू" असे दर दिवाळीला ठरणारी आणि दर दिवाळीला राहून जाणारी. आमच्या दारात २००४ सालची झेन आहे. एक लाख त्रेसष्ट हजार किलोमीटर झालेली. पंधरा वर्षांनंतर आर.टी.ओ.त तपासणी करून पाच-पाच वर्षांची नोंदणी दोनदा वाढवून आणली, पण विकवली नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याला नोकरी करणारी आमची लेक घरी माळशिरसला आली आणि चकली मोडता मोडता म्हणाली, "आई, जानेवारीत मी झेन ट्रॅकवर नेणार आहे. चेन्नईला."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. सासूबाईंनी विचारले, "कसला ट्रक?"

तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल. ट्रॅक म्हणजे मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त रस्ता. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने बांधलेला असा रस्ता १९९० पासून आहे. एक फेरी सुमारे पावणेचार किलोमीटरची. शर्यत नसेल त्या दिवशी फी भरून तुमच्याआमच्यासारख्यांना आपली रोजची गाडी तिथे पळवता येते, त्याला 'ट्रॅक डे' म्हणतात. नंबर नाही, बक्षीस नाही. समोरून एस.टी. येत नाही, म्हैस आडवी येत नाही, सगळे एकाच दिशेने. सासूबाईंना मी सांगितले, "पुरंदावड्याला माउलींच्या रिंगणात अश्व धावतो ना, तशी मोकळी केलेली जागा." मग त्यांना पटले. मला मात्र पटले नव्हते.

कारण सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही ह्याच गाडीने कऱ्हाडवरून चिपळूणला निघालो होतो. चार माणसे, वर सामान. कुंभार्ली घाट उतरताना आमचे हे प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत होते. निम्म्या घाटात जळका वास आला आणि पुढच्या वळणाला पेडल थेट तळाला गेले. ह्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घातले, म्हणून मी आज हे लिहिते आहे. महिन्यापूर्वीच सर्व्हिसिंग केले होते आणि बिलात 'ब्रेक ऑइल बदलले' असे लिहिलेले होते. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने उघडून पाहिले तर ते चहासारखे काळपट! बदलले कोणीच नव्हते.

तेव्हा लेकीला मी म्हटले, "जा. पण गाडी कशी तयार करायची ते मी ठरवणार." कारण तिच्या यादीत पहिले नाव होते मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरचे. पैसे माझ्या भिशीचे, पंचवीस हजार. मग यादीही माझी.

आता ब्रेक ऑइलचे नीट ऐका, कारण ट्रॅकवर न जाणारीलाही महाबळेश्वरला जायचे असतेच. हे नावाला ऑइल, पण गुण मिठासारखा. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे ओलावते, तसे हे हवेतले पाणी ओढून घेते. ताजे 'डॉट ४' कमीत कमी २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तेच १५५ अंशांपासून उकळू शकते. 'डॉट ३' असेल तर १४० पासून. उकळले की वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. गाव ते गाव जाताना ब्रेक एवढे तापत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे काही कळतही नाही. घाटात कळते, ट्रॅकवर तर दुसऱ्याच फेरीत कळेल. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुप्पट नव्हे, चौपट लागते, आणि ती सगळी उष्णता त्या चार चाकांपाशी जाते.

म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचे. आणि बदलताना समोर उभे राहायचे, हे माझे सांगणे. बाटली आपण सीलबंद विकत घ्यायची, आपल्यादेखत उघडायला लावायची. एक जण पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळचा निपल सैल करतो, पारदर्शक नळीतून आधी काळपट येते, मग बुडबुडे, मग मधासारखे स्वच्छ. चारही चाकांचे तसे झाल्याशिवाय हलायचे नाही. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरी बसा, मी करतो." मी म्हटले, "स्टूल असेल तर द्या."

त्याच वेळी पुढचे ब्रेक पॅड, मागचे लायनर आणि रबरी होज पाइप नवे घातले. रबर बाहेरून बरे दिसते, वाकवले की बारीक भेगा दिसतात. मिक्सरच्या झाकणाच्या रिंगेसारखेच.

दुसरा खर्च पाण्याचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो, तो तुम्ही लिंबू आणि व्हिनेगर लावून घासता. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले तर तिथे कोण घासणार? आमचा रेडिएटर निम्मा बुजलेला निघाला, दुरुस्त न करता नवाच घेतला. त्यात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. झाकणही नवे घ्या. ते कुकरच्या शिट्टीचे काम करते, आतला दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. (गरम गाडीचे हे झाकण उघडायचे नाही, हे कुकर वापरणारीला सांगायला नकोच.) आणि उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून कोणी थर्मोस्टॅट काढून टाकला असेल तर तो परत बसवा. ती पळवाट आहे, उपाय नव्हे.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांपुढचा टायर ट्रॅकवर नेऊ नये असे माझे मत. आमचे चारही बदलले आणि इथेच भिशी संपली!

बाकीच्या गोष्टींना पैसे कमी, लक्ष जास्त. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, व्हील बेअरिंग जॅकवर चाक उचलून हलवून पाहायचे, खडखड आली तर बदलायचे. टायमिंग बेल्ट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंतराला. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवे, कारण जोरात वळताना ते एका बाजूला सरकते आणि कमी असेल तर पंप हवा ओढतो. जुने इंजिन थोडे ऑइल पितेच, म्हणून लिटरभर बरोबर ठेवा. इंजिनाची ताकद वाढवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. दमलेल्या बैलाला पराणी टोचून काय मिळणार?

गाडी रिकामी करणे हे खास बायकांचे काम निघाले. सीटखालून तीन कंगवे, एक दुधाची बाटली (लेक लहान असतानाची, म्हणजे विचार करा!), डिकीतून जॅक, स्टेपनी, छत्र्या आणि हरवलेला सांडशी-चिमटा. ट्रॅकवर सुटी वस्तू उडून ब्रेकच्या पेडलाखाली गेली तर काय होईल? पायाखालची मॅटसुद्धा काढली. डॅशबोर्डवरचा गणपती आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत ठेवला. स्टेपनी आणि जॅक मात्र प्रवासात बरोबर हवेतच. ट्रॅकवर उतरवून ठेवायचे आणि निघताना परत भरायचे. जवळजवळ हजार किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे, आणि तेही त्याच गाडीने.

कपडे सुती आणि अंगभर. नायलॉन, टेरिलिन नको, आगीत ते कातडीला चिकटते हे स्वयंपाकघरात आपण शिकलो आहोत. ओढणी नको, चप्पल नको, पातळ तळव्याचे बूट हवेत. हेल्मेट आय.एस.आय. खुणेचे, पट्टा घट्ट.

एका गोष्टीवरून घरात भांडण झाले, तेही सांगते. लेकीचा मावसभाऊ म्हणाला, "नवा पालखी मार्ग सिमेंटचा झालाय, रात्री एकदा पळवून बघू." मी किल्ली कपाटात ठेवली. उसाच्या हंगामात त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. सराव करायचा तर ट्रॅकवरच, म्हणून तर एवढ्या लांब जायचे. आणि विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात पाहा, शर्यत आणि वेगाची चाचणी ह्या गोष्टी खाजगी गाडीच्या पॉलिसीत बसत नाहीत. तिथे गाडी ठोकली तर भुर्दंड आपला. हे आधीच माहीत असावे.

पुण्याच्या डायना पंडोले ह्यांचे नाव लेकीनेच मला सांगितले. २०२४ मध्ये मोटारींच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत, पुरुषांबरोबर पळून, सलून गटाचे विजेतेपद त्यांनी मिळवले. दोन मुलांची आई आहेत त्या. मी सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मुलं कोण सांभाळतं?" आणि मग थोड्या वेळाने, "आपली झेन पोचेल ना तिथवर?"

पोचली. सकाळी गाडी तपासली, झेंड्यांचे अर्थ समजावून सांगितले. पिवळा म्हणजे पुढे धोका, हळू, कोणाला ओलांडायचे नाही. लाल म्हणजे थांबवले, हळूहळू आत या. लेक वीस मिनिटे फिरली. मी जाळीपाशी उभी होते, आकडे मोजत. आमचे हे चहा आणायला गेले ते आलेच नाहीत, लांब उभे राहून बघत होते.

शेवटची फेरी तिने सांगितल्याप्रमाणे सावकाश मारली, म्हणजे वाऱ्याने ब्रेक थंड होतात. आत आल्यावर हँडब्रेक ओढू दिला नाही. तापलेल्या ड्रमवर लायनर तसेच आवळून ठेवायचे नसतात. गाडी गिअरमध्ये ठेवली आणि घरून नेलेल्या दोन विटा चाकांना लावल्या. पेडल दाबून पाहिले. वर, घट्ट.

मग पाना घेऊन मी सोळाच्या सोळा नट पुन्हा आवळले. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला.