रागाला तारीख लागते

कोलकात्यात काय नि पुण्यात काय, घरचं कुणी आजारी पडलं की कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत साठत जातात. बेहालाच्या एका दीदींनी अशीच पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. बिलं, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि मधेच विजेचं बिल. मी पोटासाठी बातम्या संपादित करतो. रविवारी ओळखीपाळखीच्यांचे अर्ज लिहून देतो. दीदींच्या वडिलांचे हात एका खासगी नर्सिंग होममध्ये पलंगाला बांधून ठेवले होते. दीदींनी स्वतः चार पानं लिहून आणली होती आणि त्यात ओळीआड ‘अमानुष’, ‘कसाई’.

"हात बांधलेले कधी पाहिलेत?"

"सकाळी."

"किती वाजता?"

त्या चिडल्या. मग फोन काढला. ते पाहून त्यांनी लगेच भावाला फोन लावला होता, सात चाळीसला. मी ‘अमानुष’ खोडून ‘सकाळी ७:४०’ लिहिलं. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला शिव्या रोज मिळतात; वेळ दिसली की त्याला ड्यूटीवर कोण होतं ते शोधावं लागतं.

पहिला अर्ज दोनच ओळींचा केला, केसपेपरची प्रत मागणारा. नातेवाइकांनी मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. प्रत आली. त्यात शेरा होता : रुग्ण सूचना पाळत नाही.

"बाबा कसे पाळणार?" दीदी म्हणाल्या. "त्यांचं कानाचं मशीन भरती करतानाच काढून माझ्या हातात दिलं." मशीन अजून पर्समध्येच होतं. चार पानांत त्याचा उल्लेखही नव्हता. खासगी रुग्णालयांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पश्चिम बंगालमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार आयोग आहे; त्याच्याकडे गेलेल्या तक्रारीचं पहिलं वाक्य त्या मशीनवरच लिहिलं.

पत्राची ताकद या शहराला नवी नाही. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालच्या लीगल एड सर्व्हिसेसचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारं पत्र सरन्यायाधीशांना पाठवलं. तेच पत्र याचिका मानलं गेलं. निकालाला दहा वर्षं लागली, पण १८ डिसेंबर १९९६ च्या त्या निकालानं अटकेचे अकरा नियम देशभर लागू झाले.

त्यानंतर चौदा महिन्यांतच, फेब्रुवारी १९९८ मध्ये, पुरुलियात पोलिसांनी पकडलेला बुधन शबर मेला. सरकारी म्हणणं, आत्महत्या. खेडिया शबर म्हणजे १८७१ च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली जमात; आपल्याकडच्या उचल्यांसारखीच. महाश्वेतादेवी या जमातीसाठी वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांना पत्रं लिहीत होत्या. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखिकेनं रेशन, विहीर, अटक यांवर अर्ज खरडावेत, याची हळहळ वाटणारे वाचक मला भेटले आहेत. मला नाही वाटत. बुधनच्या मृत्यूबद्दल शबर कल्याण समितीची याचिका कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. महाश्वेतादेवींच्या नावाचा उपयोग झाला असेलच, पण पुरावा राखला होता गावानं : गावकऱ्यांनी बुधनचं प्रेत जाळलं नव्हतं, पुरलं होतं. ते उकरून पुन्हा शवविच्छेदन झालं. न्या. रुमा पाल यांनी सीबीआय चौकशीचा आणि बुधनच्या पत्नीला, श्यामलीला, भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड, गणेश देवी आणि महाश्वेतादेवी यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली.

माझ्याकडे अटकेची प्रकरणं क्वचित येतात. आली की पहिला प्रश्न बसूंच्या नियमांतलाच विचारतो : अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा वस्तीतल्या कुणाची साक्षीदार म्हणून सही घेतली का? असा कागद असतो, हेच बहुतेकांना माहीत नसतं. मग कुणीतरी आठवून सांगतं, पोलीस आले तेव्हा शेजारचे काका दारातच उभे होते, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मी काकांना बोलावून घ्यायला सांगतो.