आधी शाळेचा पट, मग समुद्र

भिवंडीत राहणे मुलांसाठी सोपे नाही, हे भिवंडीकराला कुणी सांगायला नको. गल्लीगल्लीतल्या यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट, मानकोली-काल्हेरकडच्या गोदामांत शिरणारे कंटेनर, अंजूरफाट्यावरची कोंडी आणि खेळायला मोकळी जागा म्हणावी तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे ज्यांचे मूळ कोकणात आहे अशा घरांत, आणि आता ज्यांचे नाही त्यांच्याही घरांत, ‘पोरांना घेऊन किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात राहायला जाऊ’ हा विचार निघतो. तो वेडगळ नाही. चुकते ती चौकशी. समुद्र किती लांब, विहिरीला मे महिन्यात पाणी असते का, गुंठ्याचा भाव काय, एवढे विचारून गाव ठरवले जाते. पाण्याचा प्रश्न रास्तच आहे, कारण जांभ्याच्या सड्यावर कितीही पाऊस कोसळला तरी उन्हाळ्यात टँकर येतो. पण ज्या घरात शाळकरी मुले आहेत, त्या घराने सर्वात आधी विचारायची गोष्ट वेगळी आहे: गावातल्या शाळेचा पट किती?

याचे कारण जनगणनेत सापडते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्हा, ज्यात तेव्हा आजचा पालघरही होता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली आणि सिंधुदुर्गाचीही घटली. एका बाजूची भर दुसऱ्या बाजूच्या ओहोटीशी जोडलेली आहे. गाव सोडून जातात ती कमावत्या वयाची माणसे, आणि लेकुरवाळी घरे त्यांचीच असतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि कुलुपे. चाकरमान्याला मात्र हे दिसत नाही, कारण तो गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात गावी जातो आणि त्याच्यासारखेच सगळे तेव्हाच आलेले असतात. त्याच्या आठवणीतली वाडी नेहमी भरलेली असते. अनंत चतुर्दशीनंतरची, ओटीवर कुणी नसलेली वाडी त्याच्या मुलांच्या वाट्याला येणार असते. तिथे निरनिराळ्या वयांची चार पोरे असली तर क्रिकेटचा डावही मांडता येत नाही. मोकळी हवा मिळाली आणि सवंगडी गेले, तर मुलाच्या हिशेबात तो तोट्याचा व्यवहार आहे.

पट म्हणजे केवळ हजेरीपटावरची नावे नव्हेत. शिक्षकांची पदे पटावर मंजूर होतात, आणि मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पदमंजुरीच्या, निकषांनी लहान शाळांसाठी हे गणित आणखी कडक केले. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ मध्ये पंधरा हजारांच्या आसपास होत्या. त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार त्याच वर्षी पुढे आला तेव्हा डोंगरी आणि किनारी भागांतून विरोध झाला. तो योग्यच होता, पण आज आहे ती शाळा पाच वर्षांनी असेल असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हेही खरे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. पण कायदा आठवीपाशी थांबतो. पुढे हायस्कूल मोठ्या गावात, अकरावी-बारावीची विज्ञान शाखा बहुधा तालुक्याच्या ठिकाणी, आणि मधला सगळा प्रवास एसटीच्या भरवशावर. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. मात्र पास असून गाडीच येत नसेल तर त्याचा उपयोग काय? आणि गाडी चालू राहते तीही पुरेसे प्रवासी असले तरच.

यावर हमखास येणारे उत्तर असे की दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, मग शाळांची चिंता कशाला? निकाल खरा आहे आणि कौतुकाचाही. पण तो हायस्कुलांचा निकाल आहे, आणि हायस्कुले वाडीत नसतात. कमी पटाच्या वर्गात मुलाकडे जास्त लक्ष दिले जाते, हा दुसरा मुद्दा मला अर्धा पटतो. चांगला गुरुजी असेल तर चौथीपर्यंत याहून उत्तम व्यवस्था शोधून सापडणार नाही. म्हणून पाच वर्षांचे मूल असलेल्या घराला लहान गाव चालेल. तेरा वर्षांचे असेल तर नाही. उरला ऑनलाइन शिक्षणाचा आधार. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या गावात पावसाळ्यात खांब आडवे होतात, तिथे मोबाइलच्या भरवशावर मुलाचे वर्ष सोडून देणे शहाणपणाचे नाही.

दवाखानाही माणसांच्या मागोमाग जातो. कोकणात फुरसे आणि विंचू ही अंगणातली गोष्ट आहे, आणि लहान मुलाला विष लवकर चढते. विंचूदंशाने होणारे मुलांचे मृत्यू थांबवण्यासाठी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला. पण कोणताही उपचार वेळेत पोहोचल्याशिवाय कामाचा नाही. अलीकडे अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, हे चांगलेच. तरी रात्री दोन वाजता प्रश्न असतो तो सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वात जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे एवढाच.

मग जायचे कुठे? माझे उत्तर अनेकांना आवडणार नाही: फोटोत सुंदर दिसणारा निर्जन किनारा टाळावा आणि ज्या गावात बारमाही रोजगार आहे ते निवडावे. हर्णै, देवगड, मालवण, मुरूड ही मासेमारीची गावे आहेत. बंदराला मासळीचा वास येतो, पहाटे लिलावाचा गलका असतो. पण तिथली तरुण जोडपी बरीचशी तिथेच राहतात, म्हणून पोरेही तिथेच दिसतात. ज्यांना वास सोसणार नाही त्यांनी दापोलीसारखे तालुक्याचे गाव घ्यावे. समुद्र तिथून थोडा लांब, पण रविवारी पोरांना नेण्याइतका जवळ. भिवंडीकराने माध्यमाचाही विचार करायला हवा. उर्दू शाळा म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेड या पट्ट्यात मिळतील. तेलुगू माध्यमात शिकणाऱ्या पद्मशाली मुलांना मात्र माध्यम बदलावेच लागेल. पालघरचा किनारा जवळचा वाटतो, पण डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे, आणि आज पहिलीत जाणारे मूल दहावीला येईपर्यंत तो किनारा असाच राहणार नाही.

‘गावी आमचे घर आहे, भाडे का भरायचे?’ हा आक्षेप सर्वात वजनदार, कारण तो पैशाचा आहे. पण त्या घराच्या सातबाऱ्यावर बहुतेक वेळा दहा नावे असतात, आणि कौले बदलायची म्हटली तरी भाऊबंदांची संमती लागते. ते घर सुट्टीसाठी राहू द्यावे आणि तालुक्याला दोन खोल्या भाड्याने घेऊन एक शैक्षणिक वर्ष काढावे. त्याआधी जुलैच्या अखेरीस, भर पावसात, कामाच्या दिवशी गावात जावे. सकाळच्या एसटीला गणवेशातली किती मुले चढतात ते मोजावे. मग शाळेत डोकवावे. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर असे दोन आकडे लिहिलेले असतात. एकूण पटापेक्षा पहिलीचा आकडा जास्त बोलका, कारण पाच वर्षांनी सहावीच्या बाकावर बसायची ती हीच मुले.